जर्मन इंजिनाची खंडेनवमी

संशय घेणं हा माझा पगारी धंदा होता. अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या खोड्या शोधायच्या, आणि "सगळं नीट चालतंय" असं कुणी म्हटलं की विचारायचं, "कशावरून?" घरीही माझं तेच. नवरा वैतागून म्हणायचा, "यार, तू मला पण टेस्ट करतेस." करत होतेच. दूधवाला, प्लंबर, नवरा, कुणालाच मी सोडलं नाही, आणि बऱ्याचदा माझंच खरं निघालं.

मी सांगते आहे ती गोष्ट २००४ सालची. तेव्हा संशय काही माझ्या एकटीची मिरासदारी नव्हती. आमच्या घरापासून विमानतळ दहा मिनिटांवर. २००१ च्या सप्टेंबरात जी विमानं आदळवली त्यातलं एक याच विमानतळावरून उडालेलं. त्याच्या पाठोपाठ पाकिटांतून विषारी पावडर यायला लागली होती. तेव्हा आमची पोस्टवाली बाई हातमोजे घालून पत्रं टाकायची आणि मी चिमट्याने ती उघडायची. तीन वर्षं झाली तरी दुकानात नवऱ्याच्या दाढीकडे लोक जरा जास्त वेळ बघत. शेवटी मीच त्याला ती काढायला लावली.

आणि नेमकं तेव्हाच आमचं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यावर अडकलेलं. अर्ज नवऱ्याच्या नावाचा, त्याच्या शेपटाला मी. बोटांचे ठसे देऊन झाले, फोटो देऊन झाले, आता फक्त नावांची तपासणी बाकी होती. ती कोण करतं, कुठे करतं, किती काळ करतं, काही थांगपत्ता नाही. कुठे काही खटकलं की अर्ज बाद, आणि मग चंबूगबाळं आवरून परत. नवऱ्याला पुण्यात कुठेही नोकरी मिळाली असती. पण मला परत जायचं नव्हतं. हे मी कुणाला बोलून दाखवत नसे, पण नव्हतं जायचं. इथे माझं काम होतं, माझी गाडी होती, मी किती वाजता घरी येते हे विचारणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी माझ्या मनासारखी राहत होते, आणि ते सगळं त्या एका कार्डावर टांगलेलं होतं.

त्या अर्जात एक प्रश्न होता. १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीतल्या नाझी सरकारच्या वतीने तुम्ही कुणाचा छळ केला आहे का? नवऱ्याला हसू आवरेना. "अगं, तेव्हा आपले आईबाप नीट चालत नव्हते!" मी म्हटलं, "हसू नकोस. विचारलंय म्हणजे काहीतरी कारण असणार." आणि 'नाही'च्या चौकटीत फुली मारून ती बरोबर चौकटीतच बसली आहे ना, हे परत तपासलं.

अशा वेळी माझे सासरे आले, सहा महिन्यांसाठी. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि नाशिकच्या घरात बाबा एकटेच होते. नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. इंजिन जोडून तयार झालं की ते एका बंद खोलीत बांधून चालवून बघतात, त्या टेस्ट हाउसमध्ये ते होते. त्यामुळे कानाने जरा कमी ऐकू यायचं आणि बोलायचे मात्र खणखणीत आवाजात. माणूस गरीब, चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारा. माझं त्यांच्याशी वाकडं काही नव्हतं. पण सहा महिने घरात दुसऱ्याचे डोळे म्हणजे मला ताणच होता.

विमानतळाशेजारी नुकतंच एक प्रचंड मोठं विमानांचं संग्रहालय उघडलं होतं. नवऱ्याने त्यांना एका शनिवारी नेलं आणि संपलंच. बाबांना दुसरं काही बघायचंच नव्हतं. न्यूयॉर्क नको, नायगारा नको. "मला आपलं तिथेच सोड गं," म्हणायचे. मग ऑफिसला जाताना मी त्यांना तिथे सोडायची आणि येताना उचलायची. डबा बरोबर, पोळीभाजी. दिवसभर हा माणूस करतो काय, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला.

म्हणून एक दिवस न सांगता लवकर गेले आणि वरच्या मजल्यावरच्या कठड्यावरून लपून बघितलं. हो, लपून. दारातच हेरगिरीचं ते काळं विमान उभं होतं, तेव्हा जागेलाही शोभलंच. खाली हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं चंदेरी धूड, आणि त्याच्या आसऱ्याला ठेवल्यासारखी जर्मन विमानं. त्यातल्या एका विचित्र विमानासमोरच्या बाकावर बाबा बसले होते. त्या विमानाला एक पंखा नाकाला आणि एक शेपटीला. शेजारी चौथऱ्यावर एक जर्मन जेट इंजिन, उघडंवाघडं, नळ्या बाहेर आलेल्या. आणि बाबांच्या बाजूला, अगदी खेटून, निळ्या जाकिटातला एक गोरा म्हातारा.

तो तिथला स्वयंसेवक होता, लोकांना विमानांची माहिती सांगणारा. दोघांची चांगलीच गट्टी जमलेली दिसली. रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, काय बोलता हो त्याच्याशी एवढं?"

"इंजिनाचंच. तो विचारतो, मी सांगतो."

"काय विचारतो?"

"आम्ही कुठली इंजिनं चालवायचो, रशियन होती ती कशी होती, तापमान कुठवर न्यायचो."

मी घास परत ताटात ठेवला. "रशियन इंजिनांचं विचारतो? अमेरिकन माणूस? आणि तुम्ही सांगता?"

"अगं, ती इंजिनं आता भंगारात गेली. त्याचं कसलं गुपित?"

"बाबा, इथे कोण कशासाठी विचारतो ते आपल्याला कळत नाही."

नवरा म्हणाला, "अगं, ऐंशीचा म्हातारा आहे तो!" मी म्हटलं, "मग? म्हाताऱ्यांना कुणी असं काम देत नाही?" त्यावर बापलेक दोघंही हसले. हसा म्हटलं, कार्ड अडकलं की कळेल.

पुढच्या शनिवारी मी स्वतः जाऊन त्या जाकीटवाल्याला गाठलं. आधी कुठे होतात, इथे किती दिवस येता, का येता, असं सरळ विचारलं. तो जरा दचकला, मग मिस्किलपणे म्हणाला, "तुम्ही विमा कंपनीत आहात का?" म्हटलं, "टेस्टर आहे." तेव्हा म्हणाला, "मग तुम्हाला ही गोष्ट आवडेल," आणि त्याने मला त्या दोन पंख्यांच्या विमानाची हकिकत सांगितली.

विमानाच्या टोपणनावाचा अर्थ बाण. वैमानिकाने संकटात उडी मारली तर मागचा पंखा त्याला कापून काढेल, म्हणून उडी मारण्याआधी तो पंखा आणि शेपूट उडवून द्यायची सोय होती, आणि त्यासाठी आत स्फोटकं बसवलेली. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी ते पकडून जहाजावर घालून आणलं, उडवून बघितलं, मग वर्षानुवर्षं ठेवून दिलं. पुढे दुरुस्तीसाठी परत जर्मनीत पाठवलं, ते जिथे बनलं त्याच कंपनीकडे. तिथल्या कामगारांनी उघडलं तर स्फोटकं आत तशीच! तीस वर्षं! मग ते काढून, रंगवून, म्युनिकच्या संग्रहालयात बरीच वर्षं मांडलं आणि शेवटी इथे परत आणलं.

"तीस वर्षं कुणाला संशयच आला नाही?" मी विचारलं.

"कुणालाच नाही," तो म्हणाला.

"मी असते तर पहिल्या दिवशी उघडून बघितलं असतं."

"यात मला शंका नाही," म्हातारा म्हणाला. शेजारच्या बाकावर बसलेले बाबा खदखदून हसले. दोघांची मिलीभगत होती, दुसरं काय.

ऑक्टोबर आला आणि घरात वेगळेच प्रकार सुरू झाले. मागच्या अंगणात मी मोठ्या कौतुकाने झेंडू लावला होता. एके सकाळी चांगली टपोरी फुलं गायब. हरणं येतात आमच्याकडे, पण हरणं देठ खुडून नेत नाहीत, अख्खं रोप ओरबाडतात. शेजारणीवर डोळा ठेवला, तिच्या फुलदाणीत डोकावून आले, तिथे काही नव्हतं. मग देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा अर्धा झालेला दिसला. आमच्या घरात कुंकू लावणारी मी एकटी, आणि मी टिकली लावते. हळदीच्या डब्यातला चमचा उजवीकडून डावीकडे आलेला. वर दसऱ्यासाठी देशी दुकानातून आणून ठेवलेला नारळही जागेवर नाही.

"बाबा, नारळ बघितलात का?"

"नारळ?" असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

माझ्या मनात भलतंच आलं. या वयात माणसं वस्तू उचलून कुठेतरी ठेवतात आणि विसरतात. मी नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या बाबांना डॉक्टरकडे न्यायला हवं." तो म्हणाला, "तुलाच नेतो." आमचं त्यावरून वाजलं, आणि त्या गडबडीत मी एक गोष्ट साफ विसरले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

ज्यांच्या घरात कुणी कारखान्यात नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रं बंद ठेवून झाडूनपुसून चकचकीत करायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, नारळ फोडायचा. बाबांच्या टेस्ट हाउसचा एक रिवाज होता, तो मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऐकला होता. नारळ साहेबांनी फोडायचा, पण इंजिनाला हळदकुंकवाची बोटं मात्र ज्याच्या हातून ते तयार झालं त्यानेच ओढायची. साहेबाला त्या बोटांचा मान नाही. कुणी रजेवर असेल तर त्याच्या नावाने शेजारचा कामगार ओढायचा. मॅनेजर मात्र कधीच नाही.

सकाळी बाबांना नेहमीसारखं सोडलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पोळीभाजीच्या डब्याची पिशवी. पिशवी जड दिसली खरी. मी विचारलंसुद्धा, "एवढं काय आहे त्यात?" तर म्हणाले, "दोन डबे घेतलेत. त्याच्यासाठीपण." त्या जाकीटवाल्याला माझ्या हातची पोळी? माझं डोकंच फिरलं. पण मीटिंगला उशीर होत होता.

फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्येच होते. संग्रहालयाच्या सुरक्षा विभागातून. "अमुक अमुक गृहस्थ तुमच्या घरी राहतात का? त्यांनी एका प्रदर्शित वस्तूवर पावडर टाकली आहे. तुम्ही ताबडतोब येऊ शकाल का?"

पावडर हा शब्द ऐकला आणि मी मीटिंग तशीच सोडून पार्किंगकडे धावले. गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. डोक्यात एकच, गेलं कार्ड. झालं, संपलं, गेलं.

जर्मन विमानांचा कोपरा पट्टी लावून बंद केला होता. एक माणूस चेहऱ्यावर मास्क लावून त्या चौथऱ्याजवळ वाकला होता. आणि त्या राखाडी इंजिनाच्या कडेला लाल-पिवळी बोटं ओढलेली मला लांबूनही स्पष्ट दिसली. खाली दोन झेंडू, माझे झेंडू, आणि एक नारळ. न फोडलेला, नशीब माझं!

बाबा एका छोट्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसले होते. समोर गणवेशातली एक उंच, शांत बाई कागदावर लिहीत होती. भिंतीला टेकून तो जाकीटवाला उभा. मी मनात म्हटलं, बघ, सांगत नव्हते मी? हाच तो.

"तुम्हीच कळवलंत ना?" मी त्याला इंग्रजीत थेट विचारलं.

"हो, मीच," तो म्हणाला. "पावडर दिसली की कळवावंच लागतं. मला तो नियम आहे. पण हे कोण आहेत आणि त्यांनी का केलं असावं, तेही मीच सांगितलं."

मी त्याच्याकडे पाठ केली आणि बाबांच्या कानाशी वाकून मराठीत पुटपुटले. मला खरी भीती दुसरीच होती. आमच्याकडे यंत्राची पूजा म्हटली की कुंकवाने पहिलं काय काढतात? "बाबा, स्वस्तिक काढलंत का तुम्ही? खरं सांगा!"

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मलाच डॉक्टरकडे न्यायला हवं. "मला काय वेड लागलंय? त्या जर्मन विमानांच्या शेपट्यांवर रोज बघतो ना मी ते. त्या माणसांच्या इंजिनावर परत तेच काढू? नुसती बोटं ओढलीत."

त्या बाईने विचारलं, "काय म्हणताहेत ते?"

"पावडर काय आहे ते सांगताहेत," मी म्हटलं. "पिवळी हळद आहे, आम्ही रोज भाजीत घालतो. लाल कुंकू आहे, कपाळाला लावतात." टेबलावर बाबांच्या दोन पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेल्या होत्या. मी म्हटलं, "उघडा. मी खाऊन दाखवते." ती बाई नको म्हणाली. मी म्हटलं, "नाही, उघडाच. मी टेस्टर आहे. नुसतं सांगण्यावर कुणी विश्वास ठेवू नये, मीही ठेवत नाही." कुठून आलं एवढं बळ, देव जाणे. तिने पिशवी उघडली. मी चिमूटभर हळद जिभेवर टाकली, कुंकवाचं बोट कपाळाला लावलं आणि तिच्याकडे बघत उभी राहिले. हळद कच्चीच, कडवट लागली. मला खोकला आला आणि पिवळा फवारा तिच्या कागदावर उडाला.

जाकीटवाल्याने मला पाणी दिलं. ते मी प्यायले, पण आधी वास घेऊन.

मग ती बाई बाबांकडे वळली आणि हळूच विचारलं, "सर, हे तुम्ही का केलंत?" आणि इतका वेळ गप्प बसलेले बाबा आपल्या खणखणीत, मोडक्या इंग्रजीत बोलायला लागले. किती वेळ बोलले! मला मधे पडायचं होतं, कमी बोला असं सांगायचं होतं. ती लिहीत होती आणि तिच्या पेनाबरोबर माझं कार्ड एकेक अक्षराने लांब जात होतं. नाव, पत्ता, व्हिसा, सगळं लिहिलं. आमचा अर्ज चालू आहे, हेही तिने विचारून लिहून घेतलं. शेवटी म्हणाली, वस्तूला हात लावायचा नाही, परत असं करू नका. नारळ परत दिला. फुलं दिली नाहीत.

गाडीत बसल्यावर मी फुटले. "बाबा, काय केलंत हे! आमच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे. ते लोक आता सगळं तपासतील. त्या इंजिनाची कसली पूजा? हिटलरच्या विमानाचं इंजिन ते! तुमचं काय नातं त्याच्याशी?"

बाबा मांडीवरचा नारळ गोंजारत होते. "हिटलरशी नाही गं नातं. तू माझ्या त्या मित्राला विचारलंस का कधी, ती इंजिनं कुणी जोडली ते? मी विचारलं. डोंगर पोखरून आत कारखाने केले होते. पकडून आणलेली माणसं, कैदी. उपाशी. काम करताकरताच मेली. पोरं होती गं, वीस-बावीसची. इंजिनापुढच्या पाटीवर वजन लिहिलंय, ताकद लिहिलीय. जोडलं कुणी, ते नाही."

मी गाडी थांबवली. सिग्नल लागला होता.

"आमच्यात बोटं ज्याने काम केलं त्याने ओढायची. ती पोरं काही यायची नाहीत आता. मग त्यांच्या नावाने शेजारच्या कामगाराने ओढायची. तिथे कामगार मी एकटाच होतो." मग एकदम उजळून म्हणाले, "पण त्या बाईने सगळं लिहून घेतलं हां. मी सांगितलं ते सगळं. पोरांचं पण लिहिलं. मी बघत होतो."

"तेच तर!" मी ओरडले. "लिहून घेतलं, हाच तर घोळ आहे!"

बाबा त्यांच्या ठरल्या तिकिटाने नोव्हेंबरात परत गेले. त्यानंतर संग्रहालयात काही गेले नाहीत, मी नेलं नाही. जाकीटवाल्याने नवऱ्याला ईमेल करून त्यांच्यासाठी दोन-तीनदा निरोप दिला. मी एकही पुढे पाठवू दिला नाही. ईमेल कोण वाचतं, काय माहीत.

पुढची वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. आमच्या मागून अर्ज केलेल्यांची कार्डं आली. हर्नडनच्या गणपतीत लोक पेढे वाटायचे आणि मी हसून घ्यायची. आमची नावांची तपासणी चालूच. फोनवर खट्ट आवाज आला की मी बोलणं हवामानावर आणायची. समोरच्या रस्त्यावर एक पांढरी व्हॅन उभी राहायची, तिचा नंबर मी पाठ केला. ती केबलवाल्याची निघाली, तरी मला पटलं नाही. नाशिकला फोन केला की बाबा विचारायचे, "माझ्यामुळे अडकलंय का गं?" मी म्हणायची, "नाही हो, तसं काही नाही." आणि फोन ठेवून नवऱ्याला म्हणायची, "त्यांच्यामुळेच अडकलंय."

२००७ मध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरीवरून मिळणाऱ्या कार्डाला सहसा मुलाखत नसते. ओळखीत कुणालाच झाली नव्हती. आम्हालाच का? नवऱ्याचाही चेहरा उतरला. मी सगळी उत्तरं घोकली. हळद म्हणजे काय, कुंकू म्हणजे काय, खंडेनवमी म्हणजे काय, डोंगरातले कारखाने म्हणजे काय. मधल्या काळात त्यावर जे मिळालं ते सगळं वाचून काढलं होतं, उलटतपासणीला तयार राहावं म्हणून. बाबा म्हणाले होते त्याहून ते वाईट होतं.

मुलाखत घेणारा तरुण होता, सर्दी झालेला. समोर आमची जाडजूड फाइल. त्याने आमच्याकडून शपथ घेतली, नावं विचारली, लग्न कधी झालं विचारलं. मग अर्जातले प्रश्न एकेक करून मोठ्याने वाचायला लागला. कधी अटक झाली आहे का? नाही. कुठल्या अतिरेकी संघटनेत होतात का? नाही. मग त्याने नाक पुसलं आणि पुढचा वाचला. १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीतल्या नाझी सरकारच्या वतीने तुम्ही कुणाचा छळ केला आहे का?

नवऱ्याला हसू आलं नाही. मला वाटलं, आता. आता तो पान उलटेल आणि तो कागद काढेल, माझ्या हळदीचे डाग असलेला. माझ्या डोळ्यांसमोर ती राखाडी कड आली, तिच्यावरची ती लाल-पिवळी बोटं. "नाही," मी म्हटलं. आवाज चिरकला. त्याने मान वर करून बघितलं. मी परत म्हटलं, "नाही."

त्याने फाइल मिटली. म्हणाला, अभिनंदन, अर्ज मंजूर, कार्ड टपालाने येईल.

मला राहवेना. एवढी वर्षं पोटात धरलेलं, ते असं कसं जाऊ देणार? मी म्हटलं, "आमच्याबद्दल अजून काही आहे का त्या फाइलमध्ये? म्हणजे कुणी काही कळवलेलं? एखादा रिपोर्ट?" नवऱ्याने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. त्या तरुणाने परत फाइल उघडली, पानं चाळली, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं. "काहीही नाही," तो म्हणाला. "का? असायला हवं होतं का?"

पार्किंगमध्ये नवऱ्याने मला उचलून गरकन फिरवलं. मी हसत होते आणि रडत होते. मला राहता येणार होतं. माझं सगळं माझ्याकडे राहणार होतं. तिथूनच नाशिकला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, बाबांनी पहिल्या रिंगला उचलला.

"बाबा, मिळालं!"

"वा वा वा! छान झालं गं पोरी." मग हळूच, "माझं काही विचारलं का त्यांनी?"

"एक अक्षरसुद्धा नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं. कुठे काही नोंदच नाहीये बाबा. आपण उगाच घाबरत बसलो."

त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. लाइन कट झाली की काय, म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे, आहे मी," बाबा म्हणाले. "नीट बघितलं का त्याने?"

"हो बाबा. सगळी पानं चाळली."

"मग ती बाई एवढं काय लिहीत होती?"

ज्या कागदाला भिऊन मी ही वर्षं काढली होती, तो बाबांनी पहिल्या दिवसापासून मनात जपून ठेवला होता.

"मला आपलं वाटत होतं," ते म्हणाले, "तेवढं एक तरी कुठेतरी लिहिलेलं राहील. त्या पोरांचं."